१४ जणांना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशाने फाशीची सक्ती कशी मोडली?

डिसेंबर १९८६. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या छोट्याशा बेटावर ४३ वर्षांच्या डेनिस बायरन या न्यायाधीशांनी एकाच खटल्यात १४ जणांना फाशी सुनावली. एप्रिल २००१ मध्ये याच बायरन यांनी निकाल दिला की, खुनाला फाशीच द्या असं न्यायाधीशाला बजावणारा कायदा राज्यघटनेत बसत नाही. पुढे २००७ मध्ये लंडनच्या एका न्यायपीठाने त्याच तत्त्वावर १९८६ च्या त्या शिक्षा घटनाबाह्य ठरवल्या. आणि जून २०१८ मध्ये, निवृत्तीला जेमतेम आठवडा उरला असताना, बायरन यांनी बार्बाडोस या देशातली हीच सक्ती मोडून काढली.

एवढं वाचून कोणीही म्हणेल की माणूस वयाबरोबर मवाळ झाला. मला तसं वाटत नाही. बायरन यांनी फाशी कधीच रद्द केली नाही. त्यांच्या निकालांनंतरही फाशी त्या देशांच्या कायद्यात राहिली. ते ज्या प्रश्नामागे लागले तो वेगळा होता: शिक्षा कोणी ठरवायची, खटला ऐकणाऱ्याने की खटला उभा राहण्याआधीच संसदेने?

आपल्याकडे दर भयंकर गुन्ह्यानंतर ‘फाशीच द्या’ ही मागणी होते, त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही.

आधी नकाशा: वेस्ट इंडिज नावाचा देश नाही

क्रिकेटमुळे आपल्याला वेस्ट इंडिज हा एक देश वाटतो. प्रत्यक्षात तो अनेक स्वतंत्र देशांचा मिळून बनलेला क्रिकेट संघ आहे. जमैका वेगळा, बार्बाडोस वेगळा, त्रिनिदाद वेगळा. यातली पूर्वेकडची काही बेटं तर इतकी लहान आहेत की एकेकट्याने उच्च न्यायालय चालवणं परवडायचं नाही. म्हणून १९६७ मध्ये त्यांनी मिळून एकच कोर्ट उभं केलं, पूर्व कॅरिबियन सर्वोच्च न्यायालय. आज त्यात ६ स्वतंत्र देश आणि ब्रिटनच्या ताब्यातले ३ प्रदेश आहेत. मुख्यालय सेंट लुसियात आहे, पण अपील ऐकणारे न्यायाधीश बॅगा भरून बेटाबेटांवर फिरतात.

बायरन याच व्यवस्थेत घडले. जन्म १९४३ चा, सेंट किट्स या उसाच्या बेटावरचा. शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला कायदा शिकले, परत येऊन सोळाएक वर्षं वकिली केली आणि १९८२ मध्ये न्यायाधीश झाले. १९९० मध्ये अपील न्यायालयात गेले, १९९९ मध्ये या संयुक्त कोर्टाचे सरन्यायाधीश झाले.

या कोर्टाच्याही वर एक पायरी आहे आणि ती लंडनमध्ये आहे. तिचं नाव प्रिव्ही कौन्सिल. ब्रिटिश राजाच्या नावाने चालणारं, जुन्या वसाहतींची अपिलं ऐकणारं हे न्यायपीठ. भारतातली अपिलंसुद्धा एके काळी तिथेच जात. आपण ती वाट १९४९ मध्ये बंद केली. कॅरिबियनमधल्या बऱ्याच देशांनी स्वातंत्र्यानंतरही ती चालू ठेवली.

ग्रेनाडात काय झालं होतं?

१९७९ मध्ये ग्रेनाडात डाव्या विचारांच्या गटाने सत्ता घेतली. मॉरिस बिशप पंतप्रधान झाले. चार वर्षांत पक्षात फूट पडली, आणि १९ ऑक्टोबर १९८३ रोजी बिशप आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना एका किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या. सहा दिवसांत अमेरिकी फौजा बेटावर उतरल्या. पुढच्याच महिन्यात राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीत जमले तेव्हा ग्रेनाडा हाच कळीचा विषय होता. त्या परिषदेतले पाहुणे मधल्या विश्रांतीसाठी गोव्यात आग्वादला गेले होते, हे जुन्या गोंयकारांना आठवत असेल.

बिशप यांच्या हत्येचा खटला बायरन यांच्यासमोर आला. आरोपींमध्ये उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्ड आणि लष्करातले बडे अधिकारी होते. दोषी कोण हे ज्युरीने ठरवलं. ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच. आपल्याकडे नानावटी खटल्यामुळे हा शब्द अजून लोकांच्या ओठावर आहे. १४ जण खुनाचे दोषी ठरले, ३ सदोष मनुष्यवधाचे आणि एक निर्दोष सुटला.

सदोष मनुष्यवधाच्या तिघांना किती वर्षं द्यायची, याचा विचार बायरन करू शकत होते. खुनाच्या १४ जणांबाबत विचाराला जागाच नव्हती. कोणी आदेश दिला, कोणी तो पाळला, कोण वयाने लहान होता, कोणाचा हात किती, हे सगळं त्यांनी महिनोन्‌महिने ऐकलं होतं, पण शिक्षेच्या वेळी ते ऐकल्याचा काही उपयोग नव्हता. ज्युरीने ‘खून’ म्हटलं की न्यायाधीशाने ‘फाशी’ म्हणायचं.

सक्तीची फाशी म्हणजे नेमकं काय?

कायद्यात ‘खुनाला फाशी किंवा जन्मठेप’ असं लिहिलेलं असेल, तर न्यायाधीशाकडे पर्याय असतो. ‘खुनाला फाशीच’ असं असेल तर ती सक्ती. इंग्रजांच्या जुन्या कायद्यात ती होती आणि वसाहतींनी ती तशीच उचलली.

सक्तीच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे: सगळ्यांना सारखा न्याय. पैसेवाल्याचा वकील रडून दाखवतो म्हणून त्याला जन्मठेप आणि गरिबाला फाशी, असं होत नाही. पण खून खुनासारखा नसतो. सुपारी घेऊन तिघांना मारणारा, वर्षानुवर्षं मार खाऊन एका रात्री नवऱ्याच्या डोक्यात काही तरी घालणारी बाई, आणि वेदनांनी तळमळणाऱ्या बापाला स्वतःच्या हाताने सोडवणारा मुलगा. तिन्ही कृत्यं कायद्याच्या व्याख्येत खून ठरू शकतात. सक्तीच्या कायद्यात तिघांनाही दोर एकच.

मग दयेचा अर्ज कशासाठी असतो, असं कोणी विचारेल. तो असतो, पण त्याचा निर्णय सरकारी सल्ल्यावर होतो. तिथे उलटतपासणी नसते, कारणं देण्याचं बंधन नसतं, आणि निवडणूक तोंडावर असेल तर काय होतं हे सांगायला नको. शिक्षा ठरवणं हे न्यायालयाचं काम आहे. ते मंत्रालयाकडे ढकलून चालत नाही.

हा मुद्दा भारतात आधीच निकाली निघाला होता. जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याने खून केला तर फाशीच, असं भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ सांगत होतं. १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. बायरन यांच्या निकालाला दुजोरा देताना २००२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ज्या परदेशी निकालांचा आधार घेतला, त्यात मिठू खटला आहे. पुण्याच्या माणसाने दिलेला दाखला सेंट लुसियाच्या कैद्याच्या कामी आला, याचा आपल्याकडे फारसा गवगवा झाला नाही.

२००१: दोन बेटं, दोन कैदी

सेंट व्हिन्सेंटचा एक कैदी आणि सेंट लुसियाचा एक, दोघांनाही सक्तीच्या कायद्याखाली फाशीची शिक्षा सुनावलेली. त्यांची अपिलं एकत्र ऐकली गेली. सरन्यायाधीश बायरन आणि हंगामी न्यायाधीश एड्रियन साँडर्स यांनी बहुमताने म्हटलं की, माणसाची आणि त्याच्या गुन्ह्याची परिस्थिती न पाहता त्याला फाशी देणं ही अमानुष वागणूक आहे, आणि अमानुष शिक्षेला घटनेतच बंदी आहे. निकाल २ एप्रिल २००१ चा.

सरकार लंडनला गेलं. मार्च २००२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बायरन यांचीच बाजू उचलून धरली. वरच्या कोर्टाने खालच्याला दिशा दाखवावी हा नेहमीचा क्रम. इथे बेटांवरच्या कोर्टाने आधी पाऊल टाकलं आणि लंडन मागून आलं.

मग ग्रेनाडाच्या १४ जणांचं काय झालं?

त्यांना फाशी झालीच नाही. १९९१ मध्ये अपिलं फेटाळली गेली, फाशीची तयारी झाली आणि ऐन वेळी सरकारने शिक्षा जन्मठेपेत बदलली. खटला चालला तेव्हा लंडनला अपील करण्याची सोय ग्रेनाडात नव्हती. क्रांतिकारी सरकारने १९७९ मध्ये ती तोडली होती, सोबत संयुक्त कोर्टाशी असलेलं नातंही. दोन्ही १९९१ मध्ये पुन्हा जोडली गेली.

त्यानंतर २००७ मध्ये प्रकरण लंडनला पोचलं. प्रिव्ही कौन्सिलचा तर्क सरळ होता. सक्तीची फाशी घटनाबाह्य, हे २००२ मध्ये ठरलं. म्हणजे १९८६ ची शिक्षा मुळातच अवैध होती, आणि मूळच अवैध असेल तर ती ‘बदलून’ दिलेली जन्मठेपही टिकत नाही. नव्याने शिक्षा ठरवा. ग्रेनाडाच्या कोर्टाने त्यांना ४० वर्षांची कैद दिली, आणि भोगलेली वर्षं व सवलती धरून शेवटचे कैदी सप्टेंबर २००९ मध्ये बाहेर पडले.

म्हणजे बायरन यांच्या २००१ च्या निकालाने बायरन यांचीच १९८६ ची शिक्षा पाडली. तेव्हा ते टांझानियातल्या अरुशा शहरात होते. १९९४ च्या रवांडा नरसंहाराच्या सूत्रधारांवर खटले चालवायला संयुक्त राष्ट्रांनी तिथे न्यायाधिकरण स्थापलं होतं. बायरन २००४ मध्ये त्यावर गेले आणि २००७ ते २०११ त्याचे अध्यक्ष होते. त्या न्यायाधिकरणाला फाशी देण्याचा अधिकारच नव्हता. जास्तीत जास्त जन्मठेप. रवांडाने त्याच्या स्थापनेविरुद्ध मत दिलं होतं, आणि फाशी नसणं हे त्यामागचं एक कारण होतं. लाखोंच्या कत्तलीच्या सूत्रधाराला कमाल शिक्षा जन्मठेप, आणि बार्बाडोसमध्ये भांडणात एकाला मारणाऱ्याला फाशी सक्तीची, अशी विसंगती त्या काळात होती.

घटनेनेच जुना कायदा वाचवला असेल तर?

इथे गोष्ट किचकट होते. पूर्वेकडच्या छोट्या बेटांच्या घटनांत जे कलम नव्हतं किंवा अगदी आखूड होतं, ते बार्बाडोस आणि त्रिनिदादच्या घटनांत भरभक्कम होतं. इंग्रजीत त्याला सेव्हिंग्ज क्लॉज म्हणतात, आपण बचाव-कलम म्हणू. अर्थ असा: स्वातंत्र्याआधीचा कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात जातो म्हणून तो रद्द ठरवता येणार नाही.

आपल्या राज्यघटनेचं कलम १३ नेमकं उलटं आहे. घटनेआधीचा कायदा मूलभूत हक्कांना जिथे छेद देतो, तिथे तो निरर्थक. अशा कॅरिबियन देशांच्या पहिल्या घटना १९६० च्या दशकात लंडनशी वाटाघाटी करून बनल्या, आणि सगळे जुने कायदे एकदम कोर्टात खेचले जातील ही धास्ती त्यामागे होती.

एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. नवे नियम मंजूर होतात: गॅलरी बंद करून खोली करायची नाही. पण शेवटी एक ओळ येते, ‘ज्यांनी आधीच केली आहे त्यांना हा नियम लागू नाही.’ हे बचाव-कलम. आता त्याच नियमावलीच्या पहिल्या पानावर असंही लिहिलंय की, ‘जुनी बांधकामं नव्या नियमात बसतील अशी करून घ्यावीत.’ हे जुळवणी-कलम, आणि बार्बाडोसच्या स्वातंत्र्याच्या दस्तऐवजात तेही होतं. दोन्ही ओळी एकाच नियमावलीत. आधी कोणती वाचायची?

२००४ मध्ये हा वाद प्रिव्ही कौन्सिलसमोर आला. ९ न्यायाधीश बसले. निकाल ५ विरुद्ध ४. बहुमत म्हणालं, आधी बचाव-कलम. जुना कायदा घटनेविरुद्ध आहे असं म्हणताच येत नाही, मग जुळवून काय घ्यायचं? ही शिक्षा अमानुष आहे हे त्यांना मान्य होतं. तरीही ती टिकली. कोर्टाने शिक्षेला क्रूर म्हणावं आणि त्याच दमात कायम ठेवावं, हा प्रकार मला अजून पचलेला नाही.

२०१८ मध्ये तोच प्रश्न बार्बाडोसच्या दोन नव्या कैद्यांनी पुन्हा विचारला. आता ऐकणारं कोर्ट वेगळं होतं: कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस, त्या देशांनी स्वतःसाठी उभारलेलं. अध्यक्ष बायरन. २७ जून २०१८ च्या निकालात त्यांनी क्रम उलटा लावला. जुन्या कायद्याला नव्या घटनेशी जुळवणं हे कोर्टाचं पहिलं कर्तव्य. ज्या घटनेने प्रत्येकाला हक्क दिले, तीच घटना ते हक्क केवळ अन्याय जुना आहे म्हणून कायमचे काढून घेते, असं मानणं विसंगत आहे. बचाव-कलमांमुळे वसाहतीचे कायदे जुन्या काळातच गोठून पडतात, हा त्यांचा रोख होता. ४ जुलैला त्यांच्या जागी अध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती साँडर्स यांनी, २००१ च्या निकालातल्या त्यांच्या जोडीदाराने.

म्हणजे खुनी सुटले का?

नाही. बार्बाडोसचे दोघे दोषीच राहिले. शिक्षा नव्याने ठरवण्यासाठी त्यांना खालच्या कोर्टाकडे पाठवलं गेलं. पुढे बार्बाडोसच्या संसदेने कायद्यातली सक्ती काढली आणि फाशी पर्याय म्हणून ठेवली. बायरन यांच्या स्वतःच्या सेंट किट्समध्ये तर २००१ च्या निकालानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, एकाला प्रत्यक्ष फाशी दिली गेली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निवडून न आलेले न्यायाधीश संसदेचा कायदा मोडतात, हे लोकशाहीत बसतं का? याचं उत्तर मी असं देईन की ही सक्ती त्या देशांच्या लोकांनी विचार करून निवडलेली नव्हती. ती वसाहतीकडून वारशात आली होती. बायरन यांनी जो अधिकार घेतला तोही मर्यादित होता. संसदेने कमाल शिक्षा काय ठेवावी यात त्यांनी हात घातला नाही. तरी बचाव-कलम घटनेत स्पष्ट लिहिलेलं असताना त्याला बगल दिली, असं म्हणणारे चांगले कायदेपंडित आहेत, आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपलं कोर्ट असताना लोक लंडनला का चिकटून?

१९९३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमैकाच्या एका खटल्यात ठरवलं की, फाशीच्या सावलीत पाच वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या माणसाला लटकवणं अमानुष आहे. त्या खटल्यातले दोघे तर १४ वर्षं वाट पाहत होते. अपिलं संपायलाच पाच वर्षं जात, त्यामुळे फाशी जवळजवळ थांबली. राजकारणी भडकले. म्हणून २००५ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅरिबियन कोर्ट उघडलं, तेव्हा टीकाकारांनी त्याला ‘फासावर चढवणारं कोर्ट’ म्हणून हिणवलं. लंडन आडवं येतं म्हणून घरचं कोर्ट काढलं, हा संशय. त्याच कोर्टाने पुढे सक्ती मोडली.

दुसरी भीती छोट्या बेटांची. जिथे मंत्री, वकील आणि न्यायाधीश एकाच शाळेतले असतात, तिथे न्याय निःपक्षपाती राहील का? यावर तोड म्हणून सरकारांनी सुरुवातीलाच १० कोटी अमेरिकी डॉलरचा स्वतंत्र निधी उभारला. कोर्टाचा खर्च त्याच्या उत्पन्नातून चालतो, त्यामुळे कोणता पंतप्रधान रुसला म्हणून पगार थांबत नाही. न्यायाधीश नेमतो तो स्वतंत्र आयोग. फक्त अध्यक्षाची नेमणूक सरकारं करतात, तीही आयोगाच्या शिफारशीवरून. माझ्या मते ही रचना अनेक मोठ्या देशांपेक्षा सरस आहे. लोकांना मात्र ती पटलेली नाही. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी, एकाच दिवशी, ग्रेनाडा आणि अँटिग्वामध्ये सार्वमत झालं आणि दोन्हीकडे या कोर्टाला नकार मिळाला. ग्रेनाडाने २०१६ मध्येही नाहीच म्हटलं होतं.

आज कुठे काय लागू?

बार्बाडोस, गयाना, बेलीझ, डोमिनिका आणि २०२३ पासून सेंट लुसिया, एवढ्या पाच देशांची शेवटची अपिलं कॅरिबियन कोर्टात जातात. बाकीच्यांची, सेंट किट्स धरून, अजून लंडनला.

२०२२ मध्ये त्रिनिदादच्या एका कैद्याने बायरन यांच्या २०१८ च्या निकालाचा दाखला देत लंडनला अपील केलं. पुन्हा ९ न्यायाधीश बसले, या वेळी एकमत झालं: बचाव-कलम टिकतं, सक्ती कायम, बदल हवा असेल तर तुमच्या संसदेने करावा. त्रिनिदादने १९९९ नंतर कोणाला फासावर दिलेलं नाही. पण ज्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बायरन यांनी बसून सक्ती मोडली, त्याच शहरातल्या फौजदारी कोर्टात ज्युरीने ‘खून’ म्हटलं की न्यायाधीशासमोर आजही एकच शिक्षा असते.